उतारावरचा लगाम

मोटारी अजून कुणाच्या स्वप्नातही आल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. फ्रान्स देशातल्या एका डोंगराळ गावात घोड्यांचा साज शिवणारं एक घराणं राहत होतं. आजोबा शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी साधे पट्टे शिवायचे. त्यांच्या मुलाने खोगिरं करायला घेतली आणि त्याचं खोगीर साऱ्या मुलखात नावाजलं गेलं. पुढे संधिवाताने त्याची बोटं आखडली, आणि आरी-दोरा त्याच्या मुलीच्या हाती आला. तिचं नाव ओदिल. गिऱ्हाइकांशी बोलणं, माल पोचवणं हे तिचा थोरला भाऊ बघायचा.

गावाच्या वर, डोंगरमाथ्यावर एका उमरावाचा किल्ला होता. त्याच्या रागाला सगळे थरथर कापत. मागच्या हिवाळ्यात त्याच्या गाडीचं चाक वाटेत करकरलं, तेवढ्यावरून त्याने ते चाक करणाऱ्या सुताराच्या दुकानाला टाळं ठोकलं आणि बायकामुलांसकट त्याला बर्फात गावाबाहेर काढलं. ते कुटुंब पुढे कुठे गेलं, कुणालाच कळलं नाही.

एके दिवशी किल्ल्यावरून निरोप आला. उमरावाच्या म्हाताऱ्या आईला रविवारी घोडागाडीतून खालच्या चर्चला न्यायचं होतं. चार घोड्यांसाठी नवा साज शनिवारी तयार हवा होता.

ओदिलने दिवस मोजले, ते फार कमी होते. तरी ती कामाला लागली. शनिवारी सकाळी सगळं झालं, फक्त एक लगाम दोन हात कमी पडला. जनावराच्या पाठीचं घट्ट कातडं संपलं होतं. उरलं होतं ते पोटाचं, मऊ आणि सैल.

"कातडं कमावणाऱ्याकडे माणूस धाडू या, दादा," ती म्हणाली. "तीन दिवसांत येईल."

"तीन दिवस?" भावाचा चेहरा पांढरा पडला. "त्या सुताराचं काय झालं, विसरलीस? पोटाचं जोड आणि वरून रंग दे. कोण ओळखणार आहे?"

ओदिलला ती बर्फातली मुलं आठवली. तिने मुकाट्याने तुकडा जोडला, वरून काळा रंग दिला. साज वेळेवर किल्ल्यावर गेला.

रविवारी सकाळी ती टेबल आवरत होती. त्याच पोटाच्या कातड्याची एक पट्टी हाताला लागली. तिने सहज ती ओढली. पट्टी लांबली. तिने त्यात दोन टाके घातले, एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं हाताला गुंडाळून सगळा जोर लावला. टर्रकन आवाज झाला. दोरा शाबूत होता, टाक्यांभोवतीचं कातडं फाटलं होतं.

किल्ल्यावरून खाली येणारी वाट तिला पाठ होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये सरळ उतार. तिथे लगाम सुटला तर चार घोडे कुणाच्या बापाला आवरणार नव्हते.

"दादा, मला वर जाऊन सांगायला हवं."

"वेडी आहेस का?" भावाने दाराची कडी लावली. "तुटेलच असं कुठे आहे? आणि तुटलाच, तर घोडे बिथरले म्हणतील. तू सांगितलंस तर मात्र आपण उघड्यावर पडलो. बाबांना या वयात कुठे नेशील?"

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, बाबा," ओदिल म्हणाली. बाबांशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिला घरात उभं राहवेना. तिने भावाचा हात बाजूला सारला, कडी काढली आणि पळत सुटली.

गाडीरस्त्याने उशीर झाला असता, म्हणून तिने झाडीतली चढणीची वाट धरली. काट्यांनी पाय ओरबाडले, छाती फुटायला आली. मनात दर पावलाला एकच येत होतं, परत फीर. परत फिरली तर कुणाला कळणारही नव्हतं. एवढ्यात वरून घोड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी निघाली होती. एका वळणावर तिला बाहेरच्या बैठकीवरचा गाडीवान दिसला. तो स्वतःशीच गुणगुणत होता.

उतार सुरू व्हायच्या जागीच ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. घोडे फुरफुरत थांबले. बरोबरचे शिपाई धावून आले. गाडीचा पडदा सरकला आणि उमरावाचा चेहरा बाहेर आला.

"कोण आहे ही?"

शिपायाने दंड धरून ओदिलला ओढलं, तशी ती ओरडली, "सरकार, पुढच्या डाव्या घोड्याचा लगाम कच्चा आहे! मीच शिवलाय. कातडं खराब आहे हे ठाऊक असून शिवलाय!"

"ओढून बघ," उमराव गाडीवानाला म्हणाला.

गाडीवानाने लगाम ओढला. काही झालं नाही. त्याने पुन्हा ओढला. लगाम तसाच.

उमरावाचे डोळे बारीक झाले. "माझी वाट अडवायला आलीस?"

"चुकलं माझं" म्हणून बाजूला होणं अजून ओदिलच्या हातात होतं. ती गाडीवानाकडे वळली.

"काका, असा नाही. उतारावर घोडे उधळले तर जेवढा जोर लावाल, तेवढा लावा."

गाडीवानाने पाय रोवले आणि अंग मागे टाकलं. लगाम फाटला. गाडीवान बैठकीवर उताणा पडला. तुटलेलं टोक त्याच्या मुठीतच राहिलं. तो उठून बसला आणि त्याने एकदा खालच्या दरीकडे बघितलं.

गाडीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. "पोरीला पाणी द्या कुणीतरी," म्हातारी म्हणाली.

उमराव मात्र खाली उतरून ओदिलसमोर उभा राहिला. "धावत आलीस, म्हणून तुझं दुकान राहू देतो. पण जाणूनबुजून कच्चं काम दिलंस, म्हणून आजपासून तुमच्या घरचा टाका किल्ल्यात येणार नाही. चालती हो."

ओदिल घरी आली आणि तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "कातडं जोडलंस तेव्हा मला हाक मारायला हवी होतीस," एवढंच ते म्हणाले, आणि आपली आखडलेली बोटं तिच्या केसांवरून फिरवत राहिले. भाऊ दाराशी मान खाली घालून उभा होता.

ही बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दुकानाकडे कुणी फिरकलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दारात एक माणूस उभा राहिला. तो किल्ल्यावरचा गाडीवान होता. स्वतःच्या घोडीचा जुना झालेला साज त्याने टेबलावर ठेवला.

"सरकारांना नको असेल तुमचा टाका, मला हवाय," तो म्हणाला. "मी बसतो ना, तिथून दरी दिसते. घाई नाही मला. चांगलं कातडं येईल तेव्हा शिव."

त्याने वाटेवरच्या प्रत्येक खाणावळीत ती हकीकत सांगितली. मग दूरदूरचे गाडीवान येऊ लागले. पुढे आगगाड्या आल्या, घोडे कमी झाले. घराण्याने प्रवाशांच्या पेट्या आणि पिशव्या शिवायला घेतल्या, आणि ओदिलच्या नातवंडांनी राजधानीत मोठं दुकान थाटलं. त्या दुकानात कातडं कमी पडलं तर गिऱ्हाइकाला थांबावं लागे, मग ते कितीही मोठं असो.

ओदिल खूप म्हातारी झाली, तेव्हा नातीने विचारलं, "आजी, त्या दिवशी तुला उमरावाची भीती नाही वाटली?"

"वाटली की," ओदिल म्हणाली. "पण त्या गाडीवानासाठी जास्त वाटली. तो गाणं म्हणत होता गं."

तात्पर्य एवढंच, की आपलं काय होईल ही भीती माणसाला घरात कोंडते, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचं काय होईल ही भीती त्याला बाहेर काढते. दोन्ही एकदम वाटल्या, तर दुसरीचं ऐकावं.