डोहाचं ओरडणं

नद्यांना माणसांशी बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीच्या वळणावर खोल डोह होता. त्याच्या वरच्या अंगाला, घोटाभर पाण्यात, गावातली मुलं रोज खेळत. कुणी ओंजळीने पाणी उडवी, कुणी पळसाच्या पानांच्या होड्या सोडी. ठकूआजी काठावर बसून सगळ्यांवर नजर ठेवी. डोहाकडे मात्र कुणीच फिरकत नसे. तो दिवसभर मुलांचा गलका ऐकत एकटा पडून राही.

एका दुपारी ठकूआजी एका मुलाच्या पायातला काटा काढत होती. तेवढ्यात सहा वर्षांची शेवंता वाहत्या होडीमागे धावत डोहापाशी आली.

"तू एकटाच असतोस?" तिने विचारलं.

आजवर डोहाला कुणी काही विचारलंच नव्हतं. "हो गं," तो म्हणाला.

"मग मी येते तुझ्याशी खेळायला." तिने पाऊल उचललं.

'ये' हा शब्द डोहाच्या अगदी तोंडावर आला होता. पण आपला तळ किती खोल आहे, हे त्याला ठाऊक होतं. तो जोरात ओरडला, "मागे हो! इथे तुझे पाय टेकायचे नाहीत. जा आजीकडे!"

शेवंता दचकली आणि रडत पळाली. ठकूआजीने धावत येऊन तिला पोटाशी धरलं.

"आजी, डोह दुष्ट आहे! मी पुन्हा त्याच्याकडे कधीच जाणार नाही," ती हुंदके देत म्हणाली.

डोहाला ते ऐकू आलं.

"दुष्ट तर दुष्ट," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणायला पोर जिवंत आहे ना."