राजाकडे राहिलेली वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि राजाचं तर नाहीच नाही. लहानांनी ती जेवता जेवता ऐकावी आणि मोठ्यांनी हातातला घास थांबवून.

त्या राज्यातल्या एका गावात एक रीत होती. संध्याकाळी भाजी झाली की वाटीभर शेजारी जायची. ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. शेजारीण तिच्यात आपल्या परसातलं काहीतरी घालून पाठवायची: मूठभर कोथिंबीर, लसणाची पात, नाहीतर कढीपत्त्याची डहाळी. ते आपल्या हातानं लावलेलं असायला हवं. विकतचं घातलं तर गावभर हसं व्हायचं.

राजाला प्रजेची कुरकुर आवडत नसे. एके दिवशी त्याने दवंडी पिटवली, "आजपासून घरोघरच्या संध्याकाळच्या चुली बंद. सगळ्यांनी राजाच्या अन्नछत्रात जेवायचं. आणि जो ज्याचं मीठ खाईल, त्याने त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही."

खरी मेख शेवटच्या वाक्यात होती. पण फुकटच्या पंगतीपुढे ती कुणाला दिसली नाही.

दिसली ती एका बाईला. तिचं परस लहानसं, पण मेथी, चुका, अंबाडी, पुदिना, सगळं तिथे दाटीवाटीने नांदत होतं. तिचा नवरा मात्र भित्रा होता.

"अगं, आयतं मिळतंय तर खाऊ की," तो म्हणाला. "कशाला राजाशी वैर?"

"आयतं कुठलं? आपल्या शेतांना पाटाचं पाणी कधी सोडणार, हे उद्या राजाला कोण विचारणार? त्याचा घास गिळल्यावर तोंड उघडेल का तुमचं?"

नवरा तरीही पंगतीला गेला. बाईने चूल पेटवली. गावात तेवढाच धूर दिसला, म्हणून शिपाई आले. त्यांनी चूल फोडली, सगळं परस उपटलं आणि पाला तुडवून निघून गेले.

बाई खूप रडली. का नाही रडणार? ती रोपं तिने लेकरांसारखी वाढवली होती. मग तिने डोळे पुसले, ओल्या मातीत हात घातला आणि उरलंसुरलं सारखं करत बसली. भिजवलेले हरभरे खाऊन राहिली, पण अन्नछत्राची पायरी चढली नाही.

शिपायांनी घोळही उपटून विहिरीपाशी भिरकावली होती. पण घोळ ही भाजी भारी चिवट. पडल्या जागी तिने पुन्हा मूळ धरलं आणि थोड्याच दिवसांत दगडांच्या फटीतून पसरली. बाईने ती खुडली, तीन दगड मांडले, लसणाची खमंग फोडणी दिली. धूर पुन्हा वर गेला, आणि राजाचं बोलावणं आलं.

ती निघाली, तेव्हा तिच्या पदराखाली भाजीची वाटी होती.

"माझं जेवण तुला गोड लागत नाही?" राजाने दरडावून विचारलं.

"मी ते चाखलंच नाही, महाराज. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत. आधी भाजी खा, मग शिक्षा सांगा."

राजवाड्यातलं जेवण दहा जणांच्या हातांतून फिरून राजापुढे यायचं तोवर गार व्हायचं. ही वाटी अजून कोमट होती. फोडणीचा वास दरबारभर पसरला. राजाने एक घास घेतला आणि मग वाटी पुसून खाल्ली.

"हिची वाटी मोत्यांनी भरा," तो खूश होऊन म्हणाला.

"मोती तुम्ही लावलेत का, महाराज? आमच्या गावात वाटीत आपल्या हातानं पिकवलेलं घालतात."

राजाने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाग मोठी होती, पण तिच्यातलं एक पानही त्याने लावलेलं नव्हतं.

"मग वाटी राहू द्या इथेच. रिकामी वाटी मी परत नेत नाही," बाई म्हणाली. "आणि तुमची दवंडी आठवते ना? आता माझं मीठ तुमच्या पोटात आहे. तेव्हा तोंड मी उघडते, ऐकायचं तुम्ही. माझी चूल मी पेटवणार. आमच्या गावाला पाटाचं पाणी हवंय, तेही आजच सांगते."

शिपायांनी राजाकडे पाहिलं. राजाने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. बाई पाठ फिरवून चालू लागली, आणि तिला अडवायला कुणी पुढे झालं नाही.

त्या संध्याकाळी गावात घरोघरी धूर निघाला. पहिली चूल पेटवली ती बाईच्या नवऱ्याने. अन्नछत्रातल्या कढया तशाच भरलेल्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव राजवाड्यावर गेलं आणि पाटाचं पाणी घेऊनच परतलं.

पुढच्या हंगामात बाईची वाटी परत आली. तिच्यात किडीने खाल्लेली, वेडीवाकडी कोथिंबीर होती, राजाने स्वतः लावलेली. बाईने ती निवडली आणि आमटीत घातली.

तात्पर्य: आपली चूल दुसऱ्याच्या हाती देऊ नये, कारण चुलीमागोमाग आपला आवाजही जातो.