समर्पक साथ

एकदा एका वृद्ध कोशकारापुढे निवाड्यासाठी एक नाव आले.

कोशकारांचे उभे आयुष्य छापील कोशांत गेले होते. ते जाडजूड खंड आता ग्रंथालयांत धूळ खात पडले होते. उतारवयात ते संगणक शिकले आणि आंतरजालावरच्या एका ज्ञानकोशाचे काम पाहू लागले. हा कोश असा, की त्यात कोणीही यावे आणि लिहावे. कोणीही लिहावे म्हटले की काय काय लिहिले जाते, हे सांगायला नको. कोणी स्वतःवर लिहितो, कोणी साडूवर लिहितो, कोणी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या भाच्यावर लिहितो. म्हणून तेथे एक नियम होता. ज्याच्यावर नोंद करायची ती व्यक्ती उल्लेखनीय हवी, आणि तिच्याविषयी त्रयस्थ माणसांनी आधी कोठेतरी नीट लिहिलेले हवे. एखाद्या नोंदीवरून वाद झाला आणि मिटेनासा झाला, की कोशकारांचा शब्द अखेरचा मानत.

या खेपेची वादाची नोंद त्यांच्याच शिष्याने लिहिली होती. हा शिष्य एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत अधूनमधून संगीतावर लिहीत असे, आणि कोशाचे काम शिकण्यासाठी कोशकारांकडे येत असे. नोंद होती सगुणाताई नार्वेकर यांच्यावर. सगुणाताई पेटी वाजवत. त्या कोणत्याही संस्थेच्या नोकरीत नव्हत्या, कोणत्याही विद्यालयात शिकवत नव्हत्या. बोलावणे आले की पेटी उचलायची आणि जायचे, असे त्यांचे सारे आयुष्य गेले होते. नावाजलेल्या अनेक गायक-गायिकांच्या डाव्या हाताला त्या बसल्या, सूर धरून राहिल्या, आणि मैफल संपल्यावर पेटीला गवसणी घालून मिळेल त्या गाडीने घरी आल्या. स्वतःची स्वतंत्र अशी एकही मैफल त्यांनी केली नव्हती.

कोणा जागरूक संपादकाने त्या नोंदीच्या माथ्यावर सूचना लावली: ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. पुरेसे संदर्भ न मिळाल्यास ही नोंद वगळण्यात येईल.’

ती वाचून शिष्य हादरला. कारण नोंद लिहिली त्याच दिवशी तो उत्साहाने सगुणाताईंच्या घरी गेला होता आणि आपल्या फोनवर ती त्यांना दाखवून बसला होता. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. वडिलांच्या नावापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “बाबांचंही नाव आलं हो! त्यांनीच बोटं बसवली माझी.” मग त्यांनी शेजारणीला हाक मारून बोलावले आणि तिलाही ते वाचायला लावले. आता ते नाव पुसले जाणार, आणि पुसल्याचे आपल्यालाच त्यांना सांगावे लागणार, या विचाराने शिष्याला चैन पडेना.

त्याने ग्रंथालये पालथी घातली. जुन्या वृत्तपत्रांतील मैफलींची परीक्षणे शोधली, त्यांच्या प्रती काढल्या आणि तो गठ्ठा कोशकारांपुढे ठेवला.

“गुरुजी, हे पाहा. आता कोणाची प्राज्ञा आहे नाही म्हणायची?”

कोशकारांनी एकेक कात्रण सावकाश वाचले. प्रत्येक परीक्षणात गायकाच्या आलापीवर, तानांवर, चढवलेल्या शालीवर भरभरून मजकूर होता. सगुणाताई सर्वत्र शेवटच्या वाक्यात होत्या. ‘संवादिनीवर सगुणा नार्वेकर यांनी समर्पक साथ केली.’ वृत्तपत्रे निरनिराळी, परीक्षक निरनिराळे, गावे निरनिराळी. वाक्य मात्र एकच. फार झाले तर एखाद्याने ‘समर्पक’ खोडून ‘सुयोग्य’ लिहिण्याचे कष्ट घेतले होते.

“यांपैकी कोणत्याही एका मैफलीत बाईंनी काय वाजवले, ते सांग पाहू,” कोशकार म्हणाले.

शिष्य कात्रणे पुन्हा उलटसुलट करू लागला.

“बरे, तू स्वतः त्यांना ऐकले आहेस?”

“पुष्कळदा, गुरुजी. म्हणजे... गाणे ऐकायला गेलो तेव्हा त्या होत्याच.”

कोशकार हसले नाहीत. गठ्ठ्यातले सर्वांत मोठे परीक्षण त्यांनी उचलले. ते एका मोठ्या संगीत महोत्सवाचे होते आणि शिष्याने आपल्या नोंदीत त्याला मानाचे स्थान दिले होते. “चल,” ते म्हणाले, “त्यांनाच विचारू.”

दुपारच्या वेळी दोघे सगुणाताईंच्या घरी गेले. कोशाचे वयोवृद्ध गृहस्थ आपल्या घरी आले, म्हणून बाईंना कोण आनंद झाला. चहा झाला. कोशकारांनी कात्रण पुढे केले आणि त्या मैफलीविषयी विचारले. बाईंनी ते वाचले आणि पदर तोंडाला लावून त्या हसू लागल्या.

“अहो, या मैफलीला मी नव्हतेच!”

“नव्हतात?” शिष्य उडालाच.

“नव्हते हो. तापानं फणफणले होते. ऐनवेळी दुसरे कुणी गृहस्थ बसले पेटीला. पण पत्रिका आधीच छापलेल्या ना, त्यात माझं नाव. परीक्षणवाल्यांनी पत्रिकेतून उतरवलं असणार.” मग त्या मिस्कीलपणे म्हणाल्या, “बघा, म्हणजे मी न जाताही साथ समर्पकच झाली!”

शिष्याचा चेहरा पडला. कोशकारांनी कात्रणाची घडी केली आणि हात जोडून म्हणाले, “ताई, काही वाजवाल का?”

कोणी गात नसताना एकटीने वाजवायचे म्हणजे बाईंना अवघडल्यासारखे झाले. “कुणी गायलं तर बरं असतं हो,” असे त्या दोनदा म्हणाल्या. मग भाता धरला. त्या दुपारी त्यांनी काय वाजवले हे मी सांगू जाणार नाही, कारण मी तेथे नव्हतो. एवढे मात्र कळते, की कोशकारांचा चहा निवून गेला, त्यांचे डोळे भरून आले, आणि निघताना त्या वृद्ध माणसाने पेटीला हात लावून तो कपाळाला लावला.

शिष्याला हायसे वाटले. आता नोंद राहिली, असे त्याने धरूनच टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोश उघडला. नोंदीच्या चर्चेखाली कोशकारांनी निवाडा दिला होता: ‘संदर्भ विश्वसनीय नाहीत. नोंद वगळावी.’

तो तसाच तडक त्यांच्या घरी गेला. संतापाने त्याला नीट बोलताही येईना. “काल ज्यांच्या पेटीला नमस्कार केलात, त्यांचेच नाव आज पुसलेत? गुरुजी, एका सराफांच्या चिरंजीवांची सतारवादक म्हणून नोंद शाबूत आहे! त्यांच्या पिताजींनी पैसे देऊन पुरवण्या छापून आणल्या, म्हणून ते उल्लेखनीय. आणि या बाई नाहीत?”

“ती नोंदही तपासू. तू सांगितलेस ते बरे झाले,” कोशकार शांतपणे म्हणाले. “बैस आधी.”

शिष्य बसला. कोशकारांनी संगणक बंद केला. मग म्हणाले,

“बाई थोर आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु माझी खात्री माझ्याबरोबर जाईल. उद्याचा वाचक विचारील, हे कशावरून? त्याला तू काय दाखवणार? ज्या दिवशी त्या नव्हत्या, त्या दिवशीची त्यांची स्तुती? अरे, कोशात बाईंच्या वादनाचा निवाडा होतच नाही. निवाडा होतो तो आपल्या ऐकण्याचा. एवढी वर्षे त्या सूर धरून बसल्या, आणि ऐकायला पाठवलेल्या माणसांनी त्यांच्यावर एक विशेषण खर्च केले, तेही न ऐकता. कोशातली ती रिकामी जागा आपली लाज आहे. बाईंचे नाव तिच्यावर पांघरूण म्हणून घालू नकोस.”

“मग त्यांच्यावर अन्याय झाला तो झालाच?”

“झाला. तो पुसण्याचा अधिकार कोशाला नाही, ऐकणाऱ्याला आहे. तुला वाटते ना? मग जा, ऐक, आणि ऐकलेले लिही. मात्र एक ध्यानात ठेव. साक्षीदाराला न्यायासनावर बसता येत नाही. तू त्यांच्यावर लिहिलेस, की कोशातल्या त्यांच्या नोंदीला तुला पुन्हा कधीही हात लावता येणार नाही. मी आज अडकलो आहे, तसा तूही अडकशील.”

तेव्हा शिष्याच्या लक्षात आले, की काल दुपारी सर्वस्वाने ऐकलेला हा माणूस निवाड्याच्या खुर्चीत होता, म्हणून ऐकलेल्यातले एक अक्षरही त्याला वापरता आले नव्हते. त्याचा राग गेला. वाईट वाटणे मात्र राहिले.

तो सगुणाताईंकडे गेला आणि त्याने सरळ सांगून टाकले. बाईंनी ऐकून घेतले. पेटीवरची नसलेली धूळ फडक्याने पुसत त्या म्हणाल्या, “शेजारीपाजारी सांगून बसले होते मी. असू दे. तुम्ही काय करणार.” त्यांना वाईट वाटले होते, आणि ते लपवणे त्यांना जमले नाही. शिष्यालाही मान वर करवेना.

“ताई, आता तुमची बैठक कधी आहे?” त्याने विचारले.

ती बैठक एका छोट्या सभागृहात, संध्याकाळी होती. शिष्य या वेळी लवकर गेला, पेटी ज्या बाजूला असते त्या बाजूला बसला आणि अखेरपर्यंत उठला नाही. गायिका पूरिया गात होती. मध्येच तिला खोकल्याची उबळ आली. पेटीने तिचा सूर पडू दिला नाही. तिने अर्धवट सोडलेली ओळ पेटी हळूहळू मुखड्याच्या तोंडाशी घेऊन गेली आणि तेथे थांबली. मुखडा पेटीने घेतला नाही. तो गायिकेसाठी ठेवला, आणि गायिकेने पाणी पिऊन तो घेतला तेव्हा सभागृहाने दाद दिली ती अर्थातच गायिकेला. पुढे द्रुत लयीत एका सुसाट तानेमागे धावताना बाईंचे बोट पंचमाला लागले. पूरियात पंचम वर्ज्य असतो. क्षणभरच लागला, आणि त्यांनी तो लगेच सावरला.

घरी येऊन शिष्याने हे सारे लिहिले. पंचमापाशी मात्र त्याची लेखणी अडली. आधीच नाव गेले, त्यात आता चूक छापायची? त्याने ते वाक्य खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी जे ऐकले ते ऐकले, असे म्हणून त्याने ते राहू दिले.

रविवारी लेख आला. कोशकारांनी तो वाचला आणि निरोप पाठवला: ‘एका साक्षीवर नोंद होत नाही.’ शिष्याने उत्तर दिले, ‘ठाऊक आहे, गुरुजी.’

थोड्या वेळाने सगुणाताईंचा फोन आला. शिष्याने तो भीतभीतच उचलला.

“पंचम लागला होता,” पलीकडून बाई म्हणाल्या. “मला वाटलं, कुणाच्या ध्यानात आला नाही.”

“ताई, क्षमा करा, मी ते—”

“अहो, क्षमा कसली मागताय?” बाईंचा आवाज कापत होता, आणि तो आनंदाने कापतो आहे हे शिष्याला उशिरा कळले. “इतकी वर्षं वाजवतेय मी. माझी चूक आजवर कुणीही छापली नव्हती.”