शिक्क्यासाठी थांबलेला चुना

कोणत्या काळी आणि कोणत्या मुलखात, ते विचारू नका. फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक नगर होतं, एवढं पुरे. नगराच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं, तळ्याला दगडाचा उंच बांध होता आणि बांधाच्या अगदी पायथ्याशी एक छोटी वाडी होती.

वाडीतली माणसं बांधाकडे पाठ करून खुशाल झोपत. त्यांचे आजे-पणजे तसेच झोपत आले होते. डोक्यावर एवढं पाणी उभं आहे, हे कुणाच्या मनातही येत नसे.

येत असे ते एकीच्याच. बांधाची राखण एका बाईकडे होती. तिला सगळे बांधकरीण म्हणत. रोज सकाळी बांधावरून चालत जायचं, दगडांच्या फटींत उगवलेली पिंपळाची रोपं उपटायची आणि कुठे पाझर दिसला तर वर्दी द्यायची, हे तिचं काम.

एकदा ऐन उन्हाळ्यात तिला बांधाला तडा गेलेला दिसला. त्यातून पाणी झिरपत होतं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर बांधकरीण घाबरत नसे. हे पाणी गढूळ होतं, म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून बाहेर येत होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि बांधकरणीचं घर खाली वाडीतच होतं.

ती धावत राजाकडे गेली.

राजा वाईट नव्हता हो. आपल्या गोष्टींतले राजे एक तर आळशी असतात, नाहीतर दुष्ट. हा तसा नव्हता. हा बिचारा फार काळजी करणारा होता. तड्याचं ऐकलं आणि त्याच्या हातातला घास ताटात पडला.

"चुना पाठवा!" तो म्हणाला. "मळलेला ताजा चुना, आणि लगोलग!"

मग त्याला वाटलं, चुना कमी भरला तर? "तोलघरात तोलून पाठवा." मग वाटलं, देवीचा कोप असला तर? "देवळात नेऊन अंगारा लावून घ्या." चुना कच्चा निघाला तर? "जाणत्या गवंड्याला दाखवा." आणि एवढं सगळं करूनही कुणी हयगय केली तर? "माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आणि माझा शिक्का उमटल्याशिवाय एकही गोणी बांधाला लावायची नाही!"

दरबारातले सगळे माना डोलवत होते. राजाला केवढी काळजी, असं जो तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून राजा स्वतः बांधावर जाऊन उभा राहू लागला. घरात त्याला चैनच पडेना. दिवस उगवला की तो तिथे हजर, आणि मावळला की मागच्या बागेतल्या वाटेने घरी. बांधकरीण तड्याला कान लावून बसायची आणि राजा रस्त्याकडे डोळे लावून.

"आला का गं चुना?"

"न्हाई, महाराज."

"आता तरी दिसतोय का?"

"गाढवाचं शेपूटबी दिसंना, महाराज."

कधीमधी एखादी गोणी यायची. उघडून बघावं तर आतला चुना आवळून घट्ट झालेला. मळलेला चुना ताजा असतो तोवरच दगडाला धरतो. दिवसभर उन्हात पडून राहिला की थापण्याच्या लायकीचा राहत नाही. गवंडी तो हातात घेऊन चुरायचे आणि खाली टाकून द्यायचे.

तडा मात्र वाढत होता. आधी त्यात बोट जात होतं, मग मूठ जाऊ लागली. तिकडे डोंगरामागे ढग जमायला लागले होते आणि इकडे वाडीत बांधकरणीच्या लेकीचे दिवस भरत आले होते. वाडी सोडून वर ये म्हटलं तर ती पोर म्हणे, "आई, मला ओटा उतरवंना. डोंगर कशी चढू?"

राजाचा धीर सुटला. त्याने चुनभट्टीच्या मुकादमाला बोलावलं. भट्टी आणि चुना मळायची घाणी बांधाच्याच दुसऱ्या टोकाला होती. तिचा धूर राजाला रोज उभ्या जागेवरून दिसायचा.

"अरे आळशा, चुना कुठे आहे?"

"महाराज, भट्टी विझू दिली न्हाई की घाणीचा बैल सोडला न्हाई," मुकादम हात जोडून म्हणाला. "रोज गाढवांवर लादून धाडतोय. पुढचं मला ठावं न्हाई."

मुकादम खोटं बोलतोय असं राजाला वाटलं. त्याने त्याला कामावरून काढलं. गाढववाले रेंगाळत असतील म्हणून चौकात पहारा बसवला. पहारेकरी प्रत्येक गोणी उतरवून घेत, आत हात घालून बघत आणि पुन्हा लादायला लावत. त्या दिवसापासून एकही गोणी बांधापर्यंत पोचली नाही.

आता राजाची खात्रीच पटली. चुना चोरीला जात होता! वाडीतल्या माणसांच्या जिवावर कुणीतरी घर बांधत होतं!

त्याने एक युक्ती केली. पहाट फुटताच डोक्याला साधं मुंडासं गुंडाळून तो घाणीवर गेला. भरून ठेवलेल्या एका कातडी गोणीला त्याने कट्यारीच्या टोकाने बारीक भोक पाडलं. गाढव निघालं तसे पातळ चुन्याचे पांढरे थेंब रस्त्यावर पडू लागले. चोर कुठेही गेला तरी आता त्याचा माग लागणार होता. राजाने दुपार टळेपर्यंत वाट पाहिली आणि थेंबांच्या मागे चालायला लागला.

पहिलं नवल तिथेच दिसलं. बांध डाव्या हाताला होता आणि थेंब उजवीकडे, नगरात चालले होते.

ते तोलघराशी पोचले. गाढव तिथे उभं राहिलं असावं, कारण दारात चुन्याचं हातभर थारोळं साचलं होतं.

"अहो, चुना तोलायचा कशाला?" राजाने तोलदाराला विचारलं.

"पाव्हणं, पूर्वी चुना परगावाहून यायचा. फसवाफसवी व्हायची, म्हणून तोल." तोलदार तागडीवरून मानही वर न करता म्हणाला.

"आता तर तो आपल्याच भट्टीचा आहे ना?"

तोलदाराने पहिल्यांदाच मान वर केली. "तेबी खरंच की. पण तोलून धाडा, असा महाराजांचा हुकूम हाय."

थेंब पुढे देवळाशी गेले. तिथलं थारोळं आणखी मोठं. पुजारी म्हणाला, "अंगारा दुपारच्या आरतीनंतरच मिळतो. देवीच्या घरी घाई चालत नाही."

मग गवंडीआळी. तिथे म्हातारा गवंडी चुन्याचा गोळा करून पाण्यात सोडत होता. फुटला तर गोणी परत, टिकला तर पुढे. त्याच्या दारात जेमतेम वाटीभर चुना सांडला होता. पुढे चौकातला पहारा. तिथे गोणी उतरवल्याच्या आणि लादल्याच्या खुणा होत्या, आणि सगळी फरशी पांढरी झाली होती. राजा मनात चरकला. हा पहाराही त्यानेच बसवला होता.

सगळीकडे माणसं घाम गाळत होती. कुणी झोपलेलं नव्हतं, कुणी चोरत नव्हतं. चोर सापडेना म्हणून राजाला बरं वाटायला हवं होतं, पण त्याची पावलं रेंगाळू लागली. कारण थेंब आता ओळखीच्या रस्त्याला लागले होते.

ते थांबले राजवाड्याच्या मोठ्या दरवाजापाशी.

तिथे गाढवांची रांगच रांग होती. माश्या वारत, पाठीवर ओझं घेऊन ती मुकाट उभी होती. भोक पाडलेली गोणी पार रिकामी होऊन लोंबत होती आणि तिच्याखाली चुन्याचं तळं झालं होतं. शेजारी भिंतीलगत आवळून टाकलेल्या चुन्याचा माणसाहून उंच ढीग लागला होता.

"हे इथे का थांबलेत?" राजाने विचारलं.

"शिक्क्यासाठी," दरवान म्हणाला.

"मग शिक्का का मारत नाही?"

"महाराज घरात नाहीत ना! सकाळी उजाडताच बांधावर जातात ते थेट अंधार पडल्यावर मागच्या दाराने येतात. तोवर चुना आवळतो. मग आम्ही तो बाहेर टाकतो. चौकात पहारा बसण्याआधी एखादा गाढववाला कंटाळून गोणी तशीच बांधावर न्यायचा." आणि मग दरवान अभिमानाने म्हणाला, "बांधाची फार काळजी आहे हो आमच्या महाराजांना!"

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज तो ज्या चुन्याची वाट बघत बांधावर उभा होता, तो चुना रोज त्याची वाट बघत त्याच्याच दारात उभा होता. मधल्या मधे एक मुकादम कामावरून गेला होता, आणि वाडी अजून बांधाखालीच होती.

तेवढ्यात डोंगरामागे गडगडलं.

राजाने मुंडासं काढून फेकलं. दरवानाने ओळखून त्याचे पाय धरले, पण त्याला रागवायला राजाकडे वेळ नव्हता. तो धावतच बांधावर आला. "सगळं बंद करा! तोल नको, पहारा नको, शिक्का नको, गवंड्याची परीक्षाही नको! घाणीतून चुना थेट इथे आणा!"

"गवंड्याला नका काढू, महाराज," बांधकरीण काकुळतीला आली. "कच्चा चुना भसाभस आणून थापला तर पाणी त्याला एका दमात ढकलंल. बाकीचं काढलं तर काय बिघडायचं न्हाई. पर त्याच्या हातानं बांध घट्ट व्हतो."

मग राजाने मनातल्या मनात प्रत्येक थांब्याला तोच प्रश्न विचारला: याने बांध घट्ट होतो का? तोलाने होत नव्हता. पहाऱ्याने होत नव्हता. शिक्क्याने तर नव्हताच नव्हता. देवीचा मान मोडवेना, तर पुजारी स्वतःच म्हणाला, "मी घाणीवर येऊन बसतो, देवीला काय, सगळी जागा सारखीच." म्हातारा गवंडीही परातीसकट घाणीशेजारी येऊन बसला. काढलेल्या मुकादमाला राजा स्वतः जाऊन घेऊन आला.

आता चुना घाणीतून निघायचा तो हातोहात तड्यात जायचा. इतके दिवस जे झालं नव्हतं ते दिसता दिसता होऊ लागलं. गढूळ पाझर बारीक झाला.

पण पाऊस कुणाच्या शिक्क्यासाठी थांबत नाही. तो डोंगरावर कोसळला आणि तळं भराभर चढू लागलं. तड्याचा वरचा भाग अजून उघडाच होता. पाणी तिथवर पोचलं की बांध जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. बांधकरीण वाडीकडे बघून ओठ चावत होती. खाली लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता.

"अजून थोडे दिवस मिळाले असते तर..." गवंडी पुटपुटला.

ते दिवस कुठे गेले होते, ते राजाला ठाऊक होतं. त्याच्या भिंतीलगत त्यांचा ढीग लागला होता.

भट्टीच्या विरुद्ध बाजूला, बांधाच्या टोकाशी मातीची सखल कड होती. ती फोडली तर पाणी वाडीकडे न जाता दुसऱ्या उतारावरून जाणार होतं. पण त्या उतारावर राजाची बाग होती आणि बागेपलीकडे राजवाडा.

"वाड्यातली माणसं टेकडीवर न्या," राजा म्हणाला. "आणि कड फोडा."

"महाराज, वाड्यातलं सामान? पिढ्यान्‌पिढ्यांचं..."

"फोडा म्हटलं ना!" आणि पहिली कुदळ त्याने स्वतःच घातली.

पाणी धो धो करत बागेत शिरलं. आंब्याची झाडं आडवी झाली, वाड्याच्या भिंती पाण्याने ओढून नेल्या. इकडे तळं उघड्या तड्याच्या खाली उतरलं आणि बांध टिकला. वाडीत बांधकरणीच्या लेकीला मुलगी झाली.

पाऊस ओसरल्यावर राजा चिखलात बसला होता. बांधकरीण त्याच्यापाशी आली.

"बाई, मी कसूर केली नव्हती गं," राजा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "रोज तुझ्याबरोबर उभा होतो मी इथे."

"व्हता, महाराज," ती हळूच म्हणाली. "पर आमाला तुमी इथं नको व्हता. चुना हवा व्हता."

त्यानंतर राजा कित्येक वर्षं जगला आणि त्याच्या राज्यात कुठलंही काम अडलं की आधी तो स्वतः त्या कामाच्या मागोमाग पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत चालत जाई. वाडा मात्र त्याला पुन्हा कधी तेवढा मोठा बांधता आला नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, काम अडलं तर चोर शोधण्याआधी कामाची वाट चालून बघा. ती अडवून बहुधा आपणच उभे असतो.