कासमउस्तादांचा टॉवेल

"उस्ताद, माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी मूर्ख होतो, की मुळातलाच असतो आणि तेव्हा कळतं?"

कासमउस्ताद तालमीच्या पायरीवर ग्लोव्हजना ऊन देत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय करून आलीस?"

"सही."

जयमाला खोत. एकेकाळची बॉक्सिंगमधली राज्य विजेती. आता रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवायची आणि चपात्या लाटताना पाय नाचवायची. परवा साहेबांनी माशी उडवायला हात उचलला, तर ही खाली वाकली. पुढच्या महिन्यात सांगलीत जुन्या बॉक्सरांचे सामने होते. हिनं फॉर्म भरला. वजनाच्या रकान्यात चौदा वर्षांपूर्वीचं वजन लिहिलं.

अडलं होतं एकाच ठिकाणी. रिंगच्या कोपऱ्यात तिच्या बाजूनं उस्ताद उभे राहिले तर ती लढणार. नाहीतर नाव मागं घेणार. आणि असे परत आलेले तिघंजण उस्तादांनी आजवर चहा पाजून घरी पाठवले होते.

तिलाही चहा आला. तिनं हात लावला नाही.

"समोर कोण?"

"साताऱ्याची एक. अडतीस वर्षांची."

"पोरच की!"

"पोर कसली, दोन लेकरांची आई आहे."

"तुला तीन आहेत. हात आण."

उस्ताद तिच्या हाताला ग्लोव्हजखालची पट्टी बांधायला लागले. अंगठ्यापासून, मनगटावरून, पहिल्यासारखीच सावकाश. अशा वेळी बोटं पसरून ठेवायची. मूठ वळली की पट्टी सैल पडते. नवशिक्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

जयमालाची मूठ वळली.

उस्तादांनी पट्टी सोडली. पहिल्यापासून सुरू केली.

पुन्हा वळली.

पुन्हा सोडली.

"उस्ताद, सामना पुढच्या महिन्यात आहे. तोवर होईल ना बांधून?"

"ते तुझ्या हातात आहे."

तिसऱ्यांदा मूठ वळली, तेव्हा उस्ताद थांबले.

"कुणावर वळतेय ही? साताऱ्याच्या बाईवर?"

"नाही."

"मग?"

"...तुमच्यावर."

उस्तादांनी पट्टीचं टोक मांडीवर ठेवलं.

"शेवटच्या सामन्यात मी पडले नव्हते, उस्ताद. तिसऱ्या फेरीत तुम्ही रिंगमध्ये टॉवेल टाकलात आणि लढत थांबवलीत. मी उभी होते! चौदा वर्षं झाली, माझी ती फेरी काही संपत नाही."

"उभी होतीस," उस्ताद म्हणाले. "तोंड माझ्याकडं होतं. मारणारी तुझ्या मागं होती. मुठी वर धरून मलाच म्हणत होतीस, ये."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

तिची बोटं पसरली. उस्तादांनी पट्टी पुरी बांधली, टोक मनगटाशी खोचलं आणि दुसरा हात घेतला.

"कोपऱ्यात उभे राहाल?"

"राहीन."

"मी जिंकेन?"

"नाही."

जयमाला खुदकन हसली. मग एकदम ताठ बसली.

"माझी एक अट आहे. पडले तर पडू द्या. या खेपेला टॉवेल आणायचाच नाही."

"मग घाम कशानं पुसायचा?"

"पुसेन की दंडाला!"

"तुझा नाही."