मारशेलीनच्या तीन राजांची कहाणी

ऐका तीन राजांनो, तुमची कहाणी. आटपाट वाडी होती. पुढं दर्या, मागं केळीची बाग, मधे पांढरं चर्च. त्या वाडीत मारशेलीन नावाची एक बाई होती. घरात तिची सासू होती, तिला सगळे आय म्हणत. नवरा बस्त्याव मच्छीच्या बोटीवर. यंदा नाताळ दर्यात, नवं साल घरात, असं सांगून तो गेला.

नाताळ आला. मारशेलीननं गोठा केला. गवत अंथरलं, आरशाचा तुकडा लावून तळं केलं, वर कागदाची चांदणी टांगली. गव्हाणीत बाळ येशू निजवला. आयनं पेटीतून मातीचे तीन राजे काढले. एकाच्या हाती सोनं, एकाच्या हाती ऊद, एकाच्या हाती बोळ, म्हणजे कडू सुवासिक डिंक. तिघांचे तीन उंट, त्यातल्या एकाला कान नाही. त्या घरची रीत अशी की राजे लांबून येतात, तर त्यांना लांबूनच आणावं. नाताळाला परसात ठेवावं, रोज एक मुक्काम पुढं सरकवावं, तीन राजांच्या सणाला, जानेवारीच्या सहा तारखेला, बाळापाशी पोचवावं.

पण त्या साली वाडीत गोठ्यांची स्पर्धा होती. पहिलं बक्षीस कुकर. परीक्षक नाताळाच्या दुपारीच येणार होते. मारशेलीन मनात म्हणाली, राजे परसात बसले तर परीक्षकांना दिसणार काय? मग तिनं काय केलं? राजे उचलले, उंट उचलले, थेट गव्हाणीपाशी नेऊन ठेवले. परीक्षक आले, वा वा म्हणाले, कुकर देऊन गेले. मारशेलीननं तो ओट्यावर मांडला. येणारा जाणारा विचारायचा, ती सांगायची. न विचारणाऱ्यालाही सांगायची.

मग एका सकाळी बघते, तर राजांनी बाळाकडं पाठ केलेली, तोंडं दाराकडं. म्हणाली, मांजरानं फिरवले. सरळ केले. दुसऱ्या सकाळी तेच. म्हणाली, उंदरानं फिरवले. सरळ केले. तिसऱ्या सकाळी तेच. मग आयवर घसरली, ह्या वयात खोड्या करता काय? आय म्हणाली, माझे गुडघे असे धरलेत, मला मेलीला तिथवर वाकता येतं काय? मारशेलीननं राजे पुन्हा सरळ केले. राजे कुणाची वाट बघतात, ते काही कळेना.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. सांजेला बोटी आल्या. पहिली आली, बस्त्याव नाही. दुसरी आली, बस्त्याव नाही. तिसरी आली, तिचा तांडेल खाली मान घालून म्हणाला, त्यांची बोट आम्हांला नाताळानंतर दिसलीच नाही. मारशेलीन घरी आली. कुकर समोर होता, तो नजरेला नकोसा झाला. आयच्या पायाशी बसली, केलेलं सगळं सांगितलं.

आय म्हणाली, "चालणाऱ्यांची वाट तू उचलून बाजूला ठेवलीस. आता ती परत मांड."

"कशी मांडू, आय?"

"राजांना मागं ने, पार केळीच्या आळ्यात. रोज सकाळी प्रार्थना म्हणावी, एक मुक्काम सरकवावं. राजे उतरतील तिथं पहिलं जे माणूस येईल, त्याला तिथलं काही द्यावं. दिल्याशिवाय राजे पुढच्या मुक्कामाला हलवू नयेत. असे बारा दिवस. घाई करशील?"

"नाही करणार."

"मुक्काम गाळशील?"

"नाही गाळणार."

"लोक हसले तर?"

"हसू देत."

मग नव्या सालाच्या पहिल्या सकाळी राजे केळीच्या आळ्यात बसले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर. असं करता करता सहा तारीख आली, तीन राजांचा सण आला. घरोघरी राजे पोचले. मारशेलीनचे राजे रांजणाच्या झाकणावर. शेजारची फ्लोरीन नवं लुगडं नेसून आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं पहिल्या नंबरवाले, तुझे राजे पाणी भरायला निघाले काय?"

दारातल्या बायका हसल्या. गोठा पाच पावलांवर होता. सण आज, नवरा दर्यात, कोण बघतंय? मारशेलीनचा हात बिनकानाच्या उंटापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग तिनं त्याच हातानं राजांसकट झाकण जरा सरकवलं, तांब्या रांजणात बुडवला, फ्लोरीनपुढं धरला. फ्लोरीन हसायला आली होती, पाणी पिऊन गेली.

सातव्या दिवशी राजे चुलीपाशी. तव्यावरची गरम भाकरी वाटेच्या भिकारणीला दिली. अकराव्या दिवशी राजे बस्त्यावच्या खुर्चीवर. त्या खुर्चीत तो गेल्यापासून कुणाला बसू दिलं नव्हतं. पहिला आला मिठाच्या गाडीवरचा म्हातारा, पाय चिखलानं भरलेले. मारशेलीननं राजे कडेला सरकवले, म्हणाली, बसा बाबा. आणि आत जाऊन रडली.

बाराव्या सकाळी सोन्याचा राजा गव्हाणीपाशी ठेवला. उदाचा ठेवला. बोळाचा हातात होता, तेव्हा ओट्यावर पाऊल वाजलं. ओळखीचं पाऊल. मारशेलीन वळली नाही. आधी राजा ठेवला, मग वळली. दारात बस्त्याव. दाढी मिठानं पांढरी, अंगाची काडी.

मग बस्त्यावनं सांगितलं. नाताळाच्या दुपारी इंजिन बंद पडलं. आठवडाभर बोट जागची हलली नाही. मग नव्या सालापासून रोज सकाळी बघावं, तर बोट जराशी पुढं. वारा नाही, शीड नाही. कुणी उचलून ठेवावी तशी. पाणी संपलं, सहा तारखेला एका जहाजानं पिंपभर पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी भिजक्या काड्यांतली एक पेटली, आठवड्यानं गरम घास मिळाला. आणि काल परक्या बोटीच्या तांडेलानं सगळ्यांना वर ओढून घेतलं, बस्त्यावला आपल्या जागेवर बसवलं, म्हणाला, बसा बाबा.

आयनं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस केला. मग तिघंही गोठ्यापुढं गुडघ्यावर आली. आयचेसुद्धा गुडघे वाकले. बघतात तर राजांची तोंडं बाळाकडं, आणि तिन्ही उंटांच्या पायांना ओली वाळू.

मारशेलीन कुकर परत करायला गेली. परीक्षक म्हणाले, दिलेलं घेत नाही. मग त्यातच सगळ्या वाडीचा भात शिजला, नऊ वेळा लावला, फ्लोरीननं तीनदा मागून घेतला.

जसे तिचे राजे पोचले, तसे तुमचे आमचे पोचोत. दर्यातला, परमुलखातला, रुसून गेलेला, ज्याचा जो वाटेवर आहे तो दारी येवो. ही बारा मुक्कामांची कहाणी, एकही न गाळता, गव्हाणीपाशी सुफळ संपूर्ण.