राजवैद्याच्या मुलीची निवड

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर आणि अरण्य यांच्या मधोमध एक राज्य होते. तिथल्या विद्यापीठाची कीर्ती दूरवर पसरली होती. तिथे विद्यार्थी आधी सगळी शास्त्रे थोडीथोडी शिकत, मग भरसभेत उभे राहून एक शास्त्र निवडत आणि त्यातच पारंगत होत.

राजवैद्याची मुलगी कुमुद तिथे शिकायला गेली, तेव्हा ती काय निवडणार हे कुणी विचारलेही नाही. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वैद्यच झाले होते. ‘माझ्यामागे तूच’ असे वडील तिला लहानपणापासून सांगत आणि तिलाही ते आवडे.

विद्यापीठाच्या रुग्णशाळेत अरण्यातले लोकही येत. त्यांची भाषा कुणालाच समजत नसे. पोट धरून बसलेल्या एका बाईला काय होते आहे, हे विचारण्यात सकाळ निघून गेली, तेव्हा कुमुद तिच्याजवळ जाऊन बसली. हात, डोके, पाणी, दुखणे, असा एकेक शब्द तिने त्या बाईकडून शिकून घेतला. बाई बरी होऊन गेली, पण कुमुदचा शब्दांचा नाद काही सुटला नाही. आलेल्या प्रत्येक अरण्यवासीयाशी ती बोलत बसे. औषधींची नावे पाठ करता करता तिचे मन त्या बोलीतल्या वाक्यांकडे धावे.

निवडीचा दिवस जवळ आला, तशी तिची झोप उडाली. शेवटी ती मुख्य आचार्यांकडे गेली.

“आचार्य, मला भाषाशास्त्र घ्यावंसं वाटतं.”

आचार्य म्हणाले, “वैद्यक झेपत नाही म्हणून, की भाषा आवडते म्हणून?”

कुमुद आपल्या हातांकडे पाहू लागली. शस्त्र हातात घेतले की तिचा हात कापे, हे तिला ठाऊक होते आणि आचार्यांनाही.

“उत्तर सापडत नसेल, तर यंदा निवड करू नकोस,” आचार्य म्हणाले. “आधी शल्यकर्म शीक. ते जमल्यावरही भाषाच हवीशी वाटली, तर खुशाल घे.”

बरोबरीची मुले पुढे गेली. कुमुद मागे राहिली. लोक हसले, तिलाही वाईट वाटले, पण तिने शल्यकर्म सोडले नाही. जखमा धुतल्या, गळवे फोडली, टाके घातले. हळूहळू हात कापायचा थांबला. पुढे तर अवघड जखम आली की गुरू तिलाच हाक मारू लागले. पण टाके घालताना तिचे कान मात्र रुग्णाच्या बोलण्याकडे असत. तिला तिचे उत्तर मिळाले.

पुढच्या निवडसभेच्या आदल्या दिवशी वडील आले. तिने त्यांना सगळे सांगितले.

“बाबा, वैद्यक मला जमतं. भीतीही उरलेली नाही. पण मला भाषाच शिकायची आहे.”

“जमतं, तर मग सोडतेस कशाला?” वडिलांनी विचारले.

“जमतं म्हणूनच खात्रीनं सोडू शकते, बाबा.”

सभेला न थांबता वडील घरी परतले. दुसऱ्या दिवशी सभेत कुमुद ताठ उभी राहिली आणि तिने आपली निवड सांगितली.

पुढे काही वर्षांनी राज्याच्या सीमेवरच्या तळ्यावरून वाद पेटला. अरण्यवासीयांचा मुखिया दरबारात आला. बाजारात देवघेवीपुरती त्यांची बोली शिकलेला एक दुभाषा त्याचे बोलणे सांगू लागला.

“महाराज, हा म्हणतो, तळं आमचं आहे.”

राजाचा चेहरा लाल झाला. सेनापती उठून उभा राहिला. तेव्हा विद्यापीठातून बोलावलेली कुमुद शांतपणे पुढे आली.

“क्षमा असावी, महाराज. त्यांच्या बोलीत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ हे दोन शब्द जवळजवळ सारखे आहेत. फक्त शेवटी जीभ किंचित वळते. मुखिया म्हणाले, तळं आपलं आहे. तुमचं आणि त्यांचं, दोघांचं.”

तिने मुखियाला त्याच्या बोलीत तेच पुन्हा विचारले. त्याने मान डोलावली आणि राजाकडे पाहून दोन्ही हात पसरले. सेनापती खाली बसला. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या पाण्याची वाटणी ठरली. लढाई झाली नाही. कुणाच्या घरचा माणूस गेला नाही.

राजाने विचारले, “ही मुलगी कुणाची?”

दरबारात एका बाजूला बसलेले राजवैद्य उठले. इतक्या वर्षांत मुलीच्या विद्येबद्दल ते कुणाशी चकार शब्द बोलले नव्हते.

“माझी, महाराज,” ते म्हणाले. “जखमा बऱ्या करणारे आमच्या घराण्यात पुष्कळ झाले. जखमा होऊच न देणारी ही पहिली.”

कुमुदने वाकून नमस्कार केला. वडिलांनी तिच्या पाठीवर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही.

तात्पर्य: घाबरून सोडलेली विद्या मनाला सलत राहते, पण स्वतःला पारखून निवडलेली विद्या आपल्यालाही मोठे करते आणि आपल्या माणसांनाही.